तोंडावर धरलेली बॅटरी

आमच्या मालकांनी मला कधीही नावाने हाक मारली नाही. खोली बघायला गेलो त्या दिवशी त्यांनी विचारलं, "गाव कंचा?" मी म्हटलं, "रत्नागिरी. म्हणजे तिथून अजून आत, राजापूरच्या बाजूला..." त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "आतला नको. रत्नांग्री." आणि त्यांच्या चाळीत राहिलो तेवढी वर्षं मी रत्नांग्री राहिलो. त्या चाळीबाहेर मला या नावाने ना कुणी आधी हाक मारली, ना नंतर, एक वेळ सोडली तर.

भाईंदर पूर्वेला खारी गावात त्यांची बैठी चाळ होती. भोवती इमारती उठल्या होत्या आणि मधे ही चाळ, पत्र्याची, रांगेत खोल्या. प्रत्येक खोलीत एक जिल्हा राहत होता. लातूर, जुनागड, मंगलोर, आझमगड आणि मी. भाडेकरूंची नावं मालकांना माहीत होती की नाही, मला शंका आहे. एका जिल्ह्याचा एकच माणूस ठेवायचा, असा त्यांचा नियम होता. शेजारच्या लातूरने एकदा आपल्या चुलतभावाला रिकामी खोली मिळावी म्हणून आणलं. भाऊ नोकरीवाला, घरात बाबासाहेबांचा फोटो आणि पुस्तकं, निर्व्यसनी. मालकांनी त्याला चहा पाजला, गावाकडच्या पावसाची चौकशी केली आणि परत पाठवलं.

"एक लातूर हाय," ते म्हणाले. "दुसरा कशाला?"

"मालक, माणूस चांगला आहे," लातूर काकुळतीला येऊन म्हणाला.

"चांगला हाय रे. पन मी हाक मारली तर दोघं येतील. मग कोनाशी बोलू?"

लातूर दोन दिवस चिडून होता. मला मात्र नियमाचा फायदाच झाला होता. माझ्या आधीचा रत्नांग्री नालासोपाऱ्याला फ्लॅट घेऊन गेला होता, म्हणून माझ्यासाठी जागा झाली.

मालक आगरी. बापजाद्यांपासून मिठागरात राबलेले. काटकुळा देह, टाचांना पडलेल्या भेगा कायमच्या पांढऱ्या, कमरेला चौकड्याची लुंगी आणि वर मोठ्या खिशाचा शर्ट. त्या खिशात तीन गोष्टी असायच्या: तंबाखूची डबी, बॅटरी आणि खड्या मिठाचा एक मोठा खडा. हा खडा त्यांच्या बापाच्या आगरातला, म्हणजे मिठागरातला होता. कुणाकडे जेवायला बसले की ते खडा काढायचे, नखाने खरवडून डाळीत टाकायचे आणि खडा परत खिशात. माझ्या बायकोला आधी हा अपमान वाटला. "माझ्या आमटीत मीठ कमी होतं का?" तिने विचारलं.

"मीठ हाय. चव न्हाय," मालक म्हणाले. "पिशवीतल्या मिठाला कसली चव?"

आमटी मात्र दोनदा मागून घेतली.

आता बॅटरीचं. टॉर्चला सगळे बॅटरीच म्हणत. राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी लाइट गेली. मी नळावर बादली भरत होतो. बोळाच्या टोकाला एक डोकं दिसलं. धड नाही, हातपाय नाहीत, नुसतं पिवळट डोकं, हवेत तरंगत माझ्याकडे येणारं. आतून बायको किंचाळली, तिने खिडकीतून तेच पाहिलं होतं. बादली माझ्या पायावर पडली.

"मी हाय," डोकं म्हणालं.

मालक होते. बॅटरी पोटाशी धरून त्यांनी उजेड स्वतःच्या तोंडावर सोडला होता आणि पुढची वाट अंधारातच तुडवत येत होते. मी विचारलं, "मालक, उजेड पायाखाली नको का?"

"पायाखालची वाट म्हाईत हाय," ते म्हणाले. "आपला तोंड आपन दावायचा."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुढे कितीतरी वेळा ऐकलं. अंधार पडला आणि समोरून कुणी आलं की बॅटरी तोंडावर. लातूरची मुलं त्याला सरावली होती, मालक दिसले की तीही हनुवटीखाली काड्यापेटी धरून "मी हाय, मी हाय" करत फिरायची. मी मात्र सरावलो नाही. मला वाटायचं, हा माणूस थोडा सरकलेला आहे. कधी वाटायचं, त्यांना स्वतःचं तोंड फार आवडतं. कधी वाटायचं, यात काहीतरी मोठं तत्त्वज्ञान असेल, आपल्यालाच कळत नाही. यातलं काहीच खरं नव्हतं. माझा स्वभाव असा की समजलं नाही तर विचारायचं सोडून मी मनातच अर्थ लावत बसतो आणि मग त्या अर्थावर काम करून मोकळा होतो.

या बॅटरीचे उपकार माझ्यावर आहेत. बायकोला पोटात कळा सुरू झाल्या ती संध्याकाळची वेळ आणि नेमकी लाइट गेलेली. मी रिक्षा शोधायला पळणार, तोवर मालक लुंगी खोचून रस्त्यावर पोचलेसुद्धा. मधोमध उभे राहिले आणि बॅटरी तोंडावर धरली. पहिला रिक्षावाला त्यांना बघून वळून पळाला. दुसऱ्याने ब्रेक मारला, पण तो घाबरून. उतरून हात जोडायला लागला. मालकांनी त्याच्या रिक्षात आधी आपला पाय घातला आणि मग मला ओरडले, "ए रत्नांग्री, बाईला आन! ह्यो थांबलाय, पन थरथरतोय, परत चालू हुईल का म्हाईत न्हाय!" माझी मुलगी त्याच रात्री झाली. पुढे कितीतरी वर्षं मालक तिला 'बॅटरीवाली' म्हणत.

तर या बॅटरीने मालकांना छळायला सुरुवात केली. सेल टिकेनात. नवे घातले की काही दिवसांत बॅटरी बंद. ते दुकानदारांवर भडकायचे, सेल बदलून मागायचे. शेवटी स्टेशनबाहेर फुटपाथवर घड्याळं आणि बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या एका भय्याकडे मी त्यांना घेऊन गेलो. त्याने झाकण उघडलं, आतली स्प्रिंग हिरवट गंजलेली. त्याने बोट लावून चाटलं आणि मालकांकडे बघितलं.

"अंकल, इसमें नमक कहाँ से आया?"

मालकांनी खिशातून खडा काढून त्याच्यासमोर धरला. "ये मेरे बाप का है."

भय्याने झाकण परत लावून दिलं. मी म्हटलं, "मालक, खडा दुसऱ्या खिशात ठेवा." ते म्हणाले, "दुसऱ्या खिशात मन ऱ्हात न्हाय." म्हणजे काय, देव जाणे. पण तिथेच मी पुढाकार घेतला. त्या वर्षी पांढऱ्या उजेडाच्या, चार्ज करायच्या छोट्या चिनी बॅटऱ्या नुकत्याच दुकानांत यायला लागल्या होत्या. मुठीत मावतील अशा. सेल नकोत, झाकण नको, मागून दोन पिना बाहेर सरकवायच्या आणि सरळ बोर्डात खोचायच्या. मी म्हटलं, "मालक, तुम्हाला चार्जवाली घेऊ. बंद पॅक असते, मीठ आत जाणार नाही. रोज खिशात ठेवायला चांगली."

मी एका स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात स्टोअर सांभाळायचो. वस्तू हातात घेऊन चांगली-वाईट ओळखतो, असा माझा समज होता. आणि मालकांचं एक तरी काम माझ्या हातून व्हावं, असं मनात होतं. रिक्षा थांबवणाऱ्या माणसाला बॅटरी निवडून देणं म्हणजे काय मोठं! पण ते काम आठवडाभर चाललं.

भाईंदर स्टेशनपासून नवघर रोडपर्यंत एकही इलेक्ट्रिकचं दुकान आम्ही सोडलं नाही. मी बघायचो उजेड किती लांब जातो, किती वेळ टिकतो, पिना मजबूत आहेत का. मालक प्रत्येक बॅटरी हातात घेतली की पहिल्यांदा उलटी फिरवून स्वतःच्या तोंडावर लावायचे. मग मला विचारायचे, "कोन दिसतंय?"

"तुम्ही."

"तसा न्हाय. नीट बघ. कोन दिसतंय?"

"मालक, तुम्हीच दिसताय."

"ही नको."

मग दुकानदाराची पाळी. "मेरेको देख. कौन दिखता?"

"अरे अंकल, आप ही दिखोगे ना. और कौन, हीरो?"

"ये नहीं मंगता."

एका बॅटरीला त्यांनी बरा वेळ दिला. तोंडावर धरून मला म्हणाले, "बोटं दाव." मी दोन बोटं वर केली. "तीन," ते म्हणाले. मी चार केली. ते डोळे बारीक करून म्हणाले, "तू हात वर केलास का न्हाय अजून?" मग बॅटरी काउंटरवर ठेवून डोळे चोळले. "बघ. ह्यात समोरचा दिसत न्हाय. मी आंधला होतंय."

"पण मालक, बॅटरी समोर धरायची असते!" मी जवळजवळ ओरडलोच.

ते माझ्याकडे बघत राहिले. "समोर कोन धरतंय?" त्यांनी विचारलं. इतक्या आश्चर्याने, की मलाच क्षणभर वाटलं, आपण काहीतरी घाणेरडं बोललो.

गुजराती दुकानदार ओळखीचा होता. तो कंटाळून म्हणाला, "काका, असं करा, दोन घेऊन जा. एक ही नानी, छोटी, एक ही लांब मारवाली. आज वापरून बघा. जी आवडेल ती ठेवा, दुसरी उद्या परत." मालक म्हणाले, "बांधावर बघाला लागंल." आणि माझ्याकडे वळून, "तू चल."

चाळीच्या मागे डबकं, त्यापलीकडे तिवरांची झाडी आणि मग मिठागरांचे बांध. मालक रोज दिवस बुडताना त्या बांधावर जायचे आणि अंधार पडला की परतायचे. कशाला जातात, कुणी विचारत नव्हतं. सगळ्यांना वाटायचं जुनी सवय आहे. सोबत ते कधी कुणाला नेत नसत. त्या दिवशी मला नेलं, याचा मला अभिमान वाटला. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे जे झालं ते त्या अभिमानापायी झालं असं मला वाटतं. किंवा नसेलही. मला नीट सांगता येत नाही.

बांध एका माणसापुरता. दोन्ही बाजूंना वाफ्यांत उथळ पाणी. मालक पुढे, त्यांच्या खिशात छोटी बॅटरी. मी मागे, माझ्या हातात लांब मारवाली. आभाळ काळवंडत आलं होतं. बांधाच्या दुसऱ्या टोकाला एक कंदील दिसला, गुडघ्याच्या उंचीवर हलत येणारा. तो थांबला, हळूच वर चढला आणि एका तोंडापाशी स्थिर झाला. लांबून तोंड ओळखू येत नव्हतं, नुसता पिवळा ठिपका. मालकांनीही बॅटरी काढली आणि आपल्या तोंडाला लावली.

मला एवढंच सुचलं की मालकांना आता समोरचं काही दिसत नसणार. बोटंसुद्धा दिसत नव्हती. म्हणून मी त्यांच्या खांद्यावरून माझी बॅटरी पेटवली आणि सरळ त्या माणसावर मारली.

उजेड खरंच लांब गेला. बांध टोकापर्यंत पांढरा झाला. त्या टोकाला एक म्हातारा उभा होता, कंदील तोंडापाशी धरलेला. तेच नाक, तेच मोठे कान, तेच काटकुळं अंग. मी गोंधळलो. मालक माझ्या पुढे उभे आणि मालकच तिकडेही उभे होते. म्हाताऱ्याने दुसरा हात डोळ्यांवर घेतला. मग मालकांनी माझ्या मनगटावर एवढ्या जोरात फटका मारला की बॅटरी उडून वाफ्यात पडली. ती पाण्याखालीही जळत राहिली. तळाचा चिखल पांढरा दिसत होता आणि आम्ही दोघे त्याच्याकडे बघत उभे होतो. वर पाहिलं तेव्हा म्हातारा पाठ फिरवून आल्या वाटेने परत चालला होता. मालकांनी हाक मारली नाही.

"कोण होते ते? काय झालं मालक?"

"काय न्हाय," ते म्हणाले आणि बॅटरी न लावता माझ्या पुढे चालायला लागले. दुसऱ्या दिवशी जाऊन मी दुकानदाराला दुसऱ्या बॅटरीचे पैसे दिले. तो विचारत राहिला, पाण्यात कशी पडली.

त्यानंतर मालक रोज संध्याकाळी जायचे आणि लवकर परतायचे. मी पाण्याच्या टाकीमागे उभा राहून बघायचो. तिवरांच्या वर, लांब, त्यांच्या छोट्या बॅटरीचा पांढरा ठिपका एका जागी थांबायचा. समोरून दुसरा ठिपका यायचा नाही. मग तो एकटा ठिपका विझायचा. पहिले काही दिवस ते बॅटरी माझ्या खोलीतल्या बोर्डावर चार्जिंगला लावायला द्यायचे, कारण चार्ज होताना त्यावर पेटणारा लाल दिवा आपल्या घरात नको, तो रात्रभर बघत बसतो, असं त्यांचं म्हणणं. मग तीही देईनात. मला काही रागावलेही नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

शेवटी मी मालकांच्या बायकोला विचारलं. तिला आम्ही काकी म्हणायचो. ती ओट्यावर जवळा निवडत बसली होती.

"तो ह्यांचा मोठा भाऊस," काकी म्हणाली. "आगरात ऱ्हातंय, तिकरच्या झोपरीत."

"पण ते कधी इकडे येत नाहीत."

"कसा येल? बापाचा आगर ह्यांनी इकला, त्यो नको सांगत होता. तवाधरून बोलनं बंद. ह्या चालीत त्याचा पाय न्हाय लागला." तिने जवळ्यातला कचरा फुंकून उडवला. "पन वाट एकच ना बांधाची. सांजच्याला ह्यो जातंय, त्यो येतंय. तोंड दावतात नि एक बाजूला होतंय, दुसरा जातंय. बोलत न्हाईत. येवढाच राह्यला होता दोघांमदी."

काकीने वर पाहिलं.

"आगरात अंदारात मानूस आला तर आपला तोंड आपन दावायचा. दुसऱ्याच्या तोंडावर बत्ती मारायची न्हाय. चोरावर मारतात तशी."

"मला कुणी सांगितलंच नाही, काकी."

"तुला कोन सांगल?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "आमच्यात ता सांगाला लागत न्हाय."

त्या संध्याकाळी मी मालकांची माफी मागायला गेलो. वाक्य मनात तयार करून गेलो होतो, ते अर्ध्यावर अडकलं. मालक तंबाखू मळत होते. म्हणाले, "तू काय केलास? बॅटरी चांगली होती. लांब जात होता उजेड." ते माफ करत होते, की टोचत होते, की खरंच बॅटरीबद्दल बोलत होते, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो, आणि खोलीत चांगली ट्यूबलाइट होती. तरी कळलं नाही.

एकदा दिवसाढवळ्या मी बांधावरून भावाच्या झोपडीकडे निघालो. झोपडी दिसायला लागली, बाहेर वाळत टाकलेली लुंगी दिसली आणि मी परत फिरलो. काय सांगणार होतो? 'चोरावर मारतात तसा उजेड मी मारला, मी नवा आहे'? भाऊ म्हणाला असता, मग बांधावर आलास कशाला.

एवढं मात्र कळलं होतं की आठवडाभर दुकानांत मालक काय शोधत होते. लांब जाणारा उजेड त्यांना नकोच होता. आपलं तोंड समोरच्याला दिसावं आणि समोरच्याचं आपल्याला दिसत राहावं, एवढ्यापुरता उजेड हवा होता. पांढरा उजेड तोंडावर घेतला की त्यांचे डोळे दिपायचे, भाऊ समोर आला तरी दिसला नसता. जुन्या सेलच्या बॅटरीचा मंद पिवळा उजेड चालायचा, पण ती मिठाने खाल्ली होती. चार्जवाल्या पिवळ्या बॅटऱ्या बाजारात मिळत नव्हत्या.

आमच्या माळ्यावर गेल्या दिवाळीचा आकाशकंदील होता. त्याच्या एका पाकळीचा पिवळा जिलेटीन कागद मी कापला. मालकांकडून बॅटरी मागून घेतली. त्यांनी "कशाला?" असंही विचारलं नाही. तिची काच फिरवून उघडली, आत कागदाची गोल चकती बसवली. एक पुरेना, दोन बसवल्या. खोलीची दारं-खिडक्या लावून बायकोला समोर उभं केलं आणि बॅटरी माझ्या तोंडावर धरली.

"बोटं दाखव," मी म्हटलं.

"तुम्हालाही लागलं का हे?" ती म्हणाली. पण तिने बोटं दाखवली आणि मला ती दिसली. तिचं तोंडही दिसलं. ती हसत होती.

बॅटरी घेऊन मी मालकांकडे गेलो. ते निघायच्या बेतातच होते. त्यांनी ती हातात घेतली, पोटाशी धरली आणि लावली. पिवळट उजेडात त्यांचं नाक, कान, गालाची हाडं वर आली.

"कोन दिसतंय?" त्यांनी विचारलं.

इतके दिवस मी म्हणत होतो, तुम्ही. त्या दिवशी तसं म्हणता येईना. पाठ फिरवून जाणारा तो म्हातारा माझ्यासमोर उभा होता.

"तुमचे भाऊ," मी म्हटलं.

मालकांनी बॅटरी विझवली. मग त्यांनी वरच्या खिशातून मिठाचा खडा काढला, लुंगीच्या गाठीत बांधला आणि रिकाम्या खिशात बॅटरी ठेवली. "हां," एवढंच म्हणाले आणि गेले.

आणि इथे मला जे सांगायचं आहे ते सांगायला लाज वाटते. त्या संध्याकाळी मी टाकीमागे जाऊन उभा राहिलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. भाऊ आला का, हे मी मालकांना एकदाही विचारलं नाही. मालकांनी आपण होऊन सांगितलं नाही. उत्तर 'नाही' असतं तर मला ते झेपलं नसतं, आणि न विचारताही झेपत नव्हतं. मालक पहिल्यासारखे उशिरा परतायला लागले आहेत असं बायको म्हणायची. मी म्हणायचो, दिवस मोठा झालाय. पुढे काही महिन्यांनी कर्ज मिळालं आणि आम्ही मिरारोडला फ्लॅटमध्ये गेलो. सामान टेम्पोत चढवताना मालक म्हणाले, "आता रत्नांग्रीची जागा खाली झाली." ते मी बरेच दिवस मनात घोळवत होतो. म्हणजे मला विसरले, की माझी जागा दुसऱ्याला देणार नाहीत? की नुसतं खोली भाड्याने द्यायची आहे, असं?

भेटी कमी होत गेल्या. मिरारोड ते खारी अंतर काय आहे, पण मी जायचो नाही. गेलो की टाकी दिसायची.

मालक गेल्याचं मला लातूरने फोनवर सांगितलं, तेव्हा आम्हाला चाळ सोडून बरीच वर्षं झाली होती. दहाव्याला गेलो. चाळीत बायकांची गर्दी होती, काकी भिंतीला टेकून बसली होती. तिने मला ओळखलं, जवळ बसवलं, मुलगी कितवीत आहे ते विचारलं. बॅटरीबद्दल मी तेव्हाही काही विचारलं नाही. मोबाइल तिच्या घरात चार्जिंगला लावला आणि जरा पाय मोकळे करतो म्हणून बाहेर पडलो. पाय बांधाकडे वळले. कशाला, सांगता येणार नाही.

डबकं बुजवलं होतं. तिवरं थोडी उरली होती. वाफ्यांत इमारतींचा मलबा पडला होता, पण बांध अजून होता, जागोजागी खचलेला. सूर्य बुडाला होता. मी बांधाच्या मधोमध पोचलो आणि समोरच्या टोकाला एक उजेड दिसला. गुडघ्याच्या उंचीवर हलत येणारा, पिवळा.

तो थांबला. वर चढला. एका तोंडापाशी स्थिर झाला.

ते मालक होते. मी खोटं सांगत नाही, मला मालक दिसले, तेच नाक आणि तेच कान. मग पुढे आलो तसं तोंड आणखी म्हातारं दिसायला लागलं आणि उजेडाचा रंग ओळखीचा वाटला. बॅटरीच्या काचेआड जिलेटीनच्या दोन चकत्या होत्या, कडेला किंचित फाटलेल्या. मी कात्रीने कापताना चुकलो होतो तिथे.

म्हातारा बॅटरी तोंडावर धरून तसाच उभा राहिला. वाट बघत होता. मी खिशात हात घातला. माझ्याकडे काहीच नव्हतं.

मी दोन पावलं पुढे गेलो, वाकलो आणि त्यांच्याच उजेडात माझं तोंड आणून धरलं. माझे डोळे दिपले नाहीत. मला त्यांचं तोंड दिसत होतं आणि ते माझ्याकडे निरखून बघत होते.

"रत्नांग्री," ते म्हणाले. मग बांधावर बाजूला सरकून त्यांनी मला वाट दिली.